पाहुण्याचा शब्द आणि संमतिपत्र

‘शंभर गोष्टी बोला, पण एकहि लिहूं नका,’ असा एक व्यवहारी उपदेश आपल्या वाडवडिलांच्या तोंडीं असे. लिहिलेलें अंगाशीं येतें, बोललेलें वाऱ्यावर विरतें, हा त्याचा मथितार्थ. परंतु बोललेलें वाऱ्यावर विरण्याचा काळ आतां संपला. आज पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांत एखादा पुतण्या, एखादी नात किंवा सून घरांतल्या घरांत माईक मांडून पॉडकास्ट चालविते. कोणा वैद्यांना, गायकांना, निवृत्त अधिकाऱ्यांना पाहुणे म्हणून बोलाविते. आणि पूर्वीं ओसरीवरच राहिलें असतें असें तासाभराचें संभाषण पुण्यापासून न्यू जर्सीपर्यंत वर्षानुवर्षें ऐकलें जातें. असें असतां तो जुना उपदेश उलटा वाचणेंच प्राप्त आहे: बोलणें मुद्रित व्हावयाचें असेल, तर त्यापूर्वीं चार ओळी लिहून घ्याव्या. या चार ओळी म्हणजेच संमतिपत्र. त्या व्यवसायांतील लोक त्यास ‘रिलीज फॉर्म’ म्हणतात.

कोणी विचारील, पाहुणा आपण होऊन आला, माईकसमोर बसला, मनमोकळें बोलला. याहून निराळी संमति ती कोणती? या प्रश्नाचा उलगडा होण्यास अमेरिकेंतील एक खटला उपयोगी पडेल. विख्यात कादंबरीकार अर्नेस्ट हेमिंग्वे यांचे तरुण स्नेही ए. ई. हॉचनर हे त्यांच्याशीं झालेल्या संभाषणांचीं टिपणें ठेवीत. १९६१ सालीं हेमिंग्वे निवर्तले. १९६६ सालीं हॉचनर यांनीं त्या संभाषणांच्या आधारें त्यांच्यावर पुस्तक प्रसिद्ध केलें. हे शब्द माझ्या पतीचे, त्यांवर हक्क आमचा, असा दावा हेमिंग्वे यांच्या पत्नीनें लाविला. न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें १९६८ सालीं निकाल प्रकाशकाच्या बाजूनें दिला. हेमिंग्वे यांनीं हयातींत अशा लिखाणास हरकत न घेतां उलट मोकळीकच दिली होती, या वर्तनावरून न्यायालयानें संमति गृहीत धरिली. मात्र तोंडीं संभाषणावर बोलणाऱ्याचा स्वामित्वहक्क असूं शकतो कीं नाहीं, हा मूळ प्रश्न त्यानें मोकळाच सोडला. एका कागदाच्या अभावीं पत्नी आणि मित्र यांस तीन न्यायालयांच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

आतां आपल्या देशांतील कायद्याकडे वळूं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत ‘सादरकर्ता’ कोणास म्हणावें याची जी यादी आहे, तींत नट, गायक, वादक, जादूगार आणि गारुडी यांच्या पंक्तीस व्याख्यान देणाऱ्यासहि मानानें बसविलें आहे. मुलाखत देणारा या पंक्तींत बसतो कीं नाहीं, यावर वकिलांना वाद घालतां येईल. पण तो वाद न्यायालयांत नेण्यापेक्षां आधींच कागदावर मिटविणें स्वस्त पडतें. कारण सादरकर्त्याचा हक्क ५० वर्षें टिकतो. ऐंशीच्या घरांतील आजोबांनीं आज सांगितलेल्या आठवणी त्यांच्या पश्चात् दोघां मुलांच्या तंट्याचा विषय होऊं शकतात. एक म्हणेल ‘राहूं द्या’, दुसरा म्हणेल ‘काढून टाका’. आजोबांची स्वतःची इच्छा त्यांच्या सहीनिशीं लिहिलेली असेल, तर त्या तंट्यास फारशी जागा उरत नाहीं.

याच कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणें हक्क दुसऱ्याच्या स्वाधीन करावयाचा, तर तें लेखी व देणाऱ्याच्या सहीचें असलें पाहिजे. त्यांत मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षें समजली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो हक्क भारतापुरताच मानला जातो. हक्क न देतां केवळ वापराचा परवाना दिला, तरीहि तो लेखी हवा आणि मुदतीचा व प्रदेशाचा हाच नियम त्यास लागू होतो. न्यू जर्सींतील श्रोत्यासाठीं ‘जगभर’ हा एक शब्द किती मोलाचा आहे, हें यावरून ध्यानांत येईल.

मग या पत्रांत काय असावें? प्रथम पाहुण्याचें नांव, तारीख व विषय. नंतर संभाषण मुद्रित करण्यास, त्यांत काटछांट करण्यास आणि त्याचे लहान तुकडे जाहिरातीसाठीं वापरण्यास स्पष्ट अनुमति. पुढें मुदत व प्रदेश. मानधन असेल तर त्याचा आंकडा, नसेल तर पाहुण्यास मोबदल्यादाखल काय मिळणार तें. कारण १८७२ च्या करार कायद्यान्वयें मोबदल्यावांचून केलेला करार, कांहीं अपवाद वगळतां, निरर्थक ठरतो. पाहुणा १८ वर्षांखालील असेल तर त्याच्या सहीवर विसंबूं नये, पालकांची सही घ्यावी. अज्ञानाचा करार मुळांतच रद्द, असें प्रिव्ही कौन्सिलनें १९०३ सालींच ठरविलें आहे. पाहुण्यानेंहि आपल्या अटी लिहवून घ्याव्या: कोणता भाग वगळावा, प्रसिद्धीपूर्वीं ऐकावयास मिळेल काय, तेच अनुभव आपल्या पुस्तकांत लिहिण्याची मोकळीक राहील ना. अब्रूस बाध येईल अशी मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा हक्क कायद्यानें सादरकर्त्यास दिलाच आहे. काटछांटीची अनुमति म्हणजे बोलण्याचा अर्थ फिरविण्याचा परवाना नव्हे.

संमतिपत्र हें कवच खरें, पण तें कर्णाचें कवच नव्हे. जें आपलें नाहीं तें पाहुण्यास देतां येत नाहीं. त्यानें दुसऱ्या कोणाची कविता वाचून दाखविली, तर तिची अनुमति निराळीच घ्यावी लागेल; कवीच्या मृत्यूनंतरहि तो हक्क ६० वर्षें चालतो. तसेंच बोलण्याच्या भरांत पाहुण्यानें एखाद्या तिऱ्हाइताची नालस्ती केली, तर त्याच्या सहीनें यजमान सुटत नाहीं. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेचें ३५६ वें कलम बदनामीचा मजकूर प्रसिद्ध करणाऱ्यासहि लागू आहे. असा भाग सरळ कापून टाकावा.

घरीं आलेल्या पाहुण्यापुढें कागद सरकविणें अनेकांस असभ्यपणाचें वाटतें. परंतु असभ्यपणा कागदांत नसून तो पुढें करण्याच्या वेळेंत आहे. चहापाणी आटोपून पाहुणा पायांत जोडे घालूं लागला असतां ‘एवढी सही करा’ म्हणणें हें खरें अशोभनीय. दडपणानें घेतलेली संमति कायद्यापुढेंहि टिकत नाहीं. दोन दिवस आधीं साध्या मराठींतील मसुदा पाठवावा, वृद्धांस तो मोठ्यानें वाचून दाखवावा, शंका विचारूं द्याव्या, सही झाल्यावर एक प्रत त्यांच्या हातीं द्यावी. मसुदा एकदां वकिलाच्या नजरेखालून गेलेला असावा हें उत्तम.

आपल्याकडे लग्न ठरलें म्हणजे दोन्हीं घरचीं वडील माणसें बसून याद लिहीत व तीवर सह्या करीत. त्यायोगें कोणी कोणाचा अविश्वास केला असें कोणी मानीत नसे. पुढें मांडवांत रुसवेफुगवे होऊं नयेत एवढाच त्यांतील हेतु. संमतिपत्र ही याच जातीची याद आहे. स्नेह आहे तोंवरच ती लिहून घ्यावी.