संकुल आधी, रस्ता मागून

वांद्रे-कुर्ला संकुलात नोकरी असलेल्या माणसाला रोज दोन प्रवास करावे लागतात. पहिला घरापासून वांद्रे, कुर्ला किंवा शीव स्थानकापर्यंतचा आणि दुसरा तेथून कार्यालयापर्यंतचा. अंतराने लहान असलेला हा दुसरा प्रवासच अनेक वर्षे अधिक जिकिरीचा होता.

दक्षिण मुंबईत एकवटलेल्या कार्यालयांचे विकेंद्रीकरण व्हावे, या हेतूने मिठी नदीच्या परिसरातील सुमारे ३७० हेक्टर सखल, दलदलीच्या जमिनीवर हे संकुल योजण्यात आले. १९७७ मध्ये त्याच्या नियोजनाची जबाबदारी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आली. पुढे नाबार्ड, सेबी, राष्ट्रीय शेअर बाजार, भारत डायमंड बोर्स आणि अनेक बँकांची मोठी कार्यालये येथे उभी राहिली. पूर्वेकडची वाट मात्र अरुंदच राहिली. पूर्व द्रुतगती महामार्ग हाकेच्या अंतरावर असूनही मध्ये मध्य व हार्बर रेल्वेचे रूळ, लालबहादूर शास्त्री मार्ग आणि दाट वस्ती होती. ठाणे किंवा चेंबूरहून येणाऱ्या वाहनांना शीव-धारावी किंवा कुर्ल्याच्या गर्दीतून वाट काढावी लागे.

ही कोंडी दोन टप्प्यांत सैल झाली. २०१४ मध्ये सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता खुला झाला. जागतिक बँकेच्या साहाय्याने हाती घेतलेल्या या कामास रुळांवरील पुलामुळे आणि हजारो कुटुंबांच्या पुनर्वसनामुळे मोठा विलंब झाला. त्यानंतर नोव्हेंबर २०१९ मध्ये संकुलास चुनाभट्टीजवळ पूर्व द्रुतगती महामार्गाशी थेट जोडणारा सुमारे १.६ किलोमीटरचा उड्डाणपूल सुरू झाला. संकुलाची आखणी आणि हा दीड किलोमीटर यांत चार दशकांचे अंतर पडले!

बँकेच्या माणसास अशा गोष्टीचा हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. समजा, नव्या रस्त्याने एका कर्मचाऱ्याची जाता-येता मिळून ४० मिनिटे वाचली. वर्षातील २५० कामाच्या दिवसांत ती १०,००० मिनिटे, म्हणजे सुमारे १६६ तास होतात. आठ तासांच्या दिवसाने मोजल्यास हे वीसहून अधिक दिवस झाले. हजारो कर्मचाऱ्यांच्या संख्येने यास गुणले, म्हणजे रस्त्याच्या विलंबाची किंमत ध्यानात येते. कर्जावरील व्याज वहीत दिसते. रस्त्यात गेलेला वेळ कोणत्याच वहीत नोंदला जात नाही.

या हिशेबाला दुसरी बाजूही आहे. आपले वाचलेले तास फुकट मिळालेले नाहीत. जोडरस्त्यासाठी ज्यांना घर सोडावे लागले, त्यांची शाळा, रोजगार आणि शेजार दूर गेला. म्हणूनच रस्त्याची रेघ नकाशावर ओढली जाते, त्याच दिवशी पुनर्वसनाची जागा आणि त्याचा निधीही ठरला पाहिजे. वस्ती दाट होण्यापूर्वी रस्त्यासाठी जागा राखून ठेवली, तर खर्च कमी येतो आणि विस्थापितही कमी होतात.

ऑक्टोबर २०२४ पासून भुयारी मेट्रोही संकुलात पोहोचली आहे. आज राज्यात ठिकठिकाणी नवी व्यापारी संकुले आखली जात आहेत. अशा प्रकल्पात गुंतवणूक करणाऱ्या ग्राहकांनी आणि कर्ज-प्रस्ताव तपासणाऱ्या आपण सर्वांनी इमारतीच्या आराखड्याबरोबरच एक प्रश्न अवश्य विचारावा : येथे येण्याचा रस्ता कोठून येणार, आणि तो कधी पूर्ण होणार?