नाडी, थर्मामीटर आणि रक्ताचा थेंब

वैद्यकाचा इतिहास सांगताना आपण औषधांविषयी भरभरून बोलतो. निदानाविषयी सहसा बोलत नाही. वास्तविक औषध लांबून देता येते. पुडी उंबऱ्यावरून टाकता येते, काढा वरून ओतता येतो. निदान मात्र लांबून होत नाही. रोग ओळखायचा तर मनगट हातात घ्यावे लागते, पोट दाबावे लागते, छातीला कान लावावा लागतो. ज्या समाजाने माणसामाणसांत विटाळाची भिंत बांधली, त्या समाजात निदानाचा इतिहास हा स्पर्शाचाही इतिहास असणार.

सुश्रुतसंहितेने रोग ओळखण्याचे सहा मार्ग सांगितले आहेत: पाच ज्ञानेंद्रिये आणि सहावे म्हणजे रोग्याला विचारणे. प्रेत पाण्यात ठेवून त्याचे थर उलगडून पाहावेत, असेही तीत आहे. इतक्या मोकळ्या बुद्धीने पाहणाऱ्या माणसाचे धर्मशास्त्राने काय केले? मनुस्मृतीने वैद्याचे अन्न निषिद्ध ठरवले. जो सर्वांना शिवतो तो शुद्ध कसा, हा त्यामागचा हिशेब. प्रेत उलगडून पाहण्याची विद्या पुढे लोपली. नंतरच्या शार्ङ्गधरसंहितेत नाडीपरीक्षा येते. चरक-सुश्रुतांत तिचे असे विवेचन नाही. तीन बोटे मनगटावर ठेवून सगळे शरीर जाणण्याचा दावा पुढे रूढ झाला. विटाळ हेच त्याचे एकमेव कारण होते असे कोणी म्हणणार नाही. परंतु पाच इंद्रियांचे निदान तीन बोटांवर आले, हे खरे. आणि ती तीन बोटेदेखील गावकुसाबाहेरच्या मनगटापर्यंत कितीदा पोचली असतील?

युरोपातही वैद्य आणि रोगी यांच्यामध्ये साधने आली. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक या डॉक्टरला एका तरुणीच्या छातीला कान लावणे अवघड वाटले. त्याने कागदाची सुरळी करून तिच्यातून ठोके ऐकले. स्टेथोस्कोपचा जन्म असा संकोचातून झाला. थर्मामीटर पूर्वी फूटभर लांब असे आणि ताप मोजायला वीसेक मिनिटे लागत. १८६७ च्या सुमारास ऑलबट या इंग्रज डॉक्टरने तो सहा इंचांवर आणला. १८६८ साली लाइपझिगच्या वुंडरलिखने हजारो रोग्यांचे ताप नोंदवून ग्रंथ सिद्ध केला. रोग म्हणजे केवळ वैद्याला वाटते ते नव्हे, तो मोजता येतो, हा विचार रुजला. मोठीच क्रांती ही.

हेच साधन आपल्याकडे आले तेव्हा काय झाले, याचा दाखला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये दिला आहे. काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे ते पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त छापले गेले होते. त्याची बाळंतीण बायको आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. गावातल्या प्रतिष्ठितांनी रदबदली केल्यावर तो आला, पण बाईला वस्तीबाहेर आणल्यावरच. त्याने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, मुसलमानाने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. त्याच वाटेने तो परत गेला. डॉक्टरने दिव्याच्या उजेडात पारा पाहिला, न्यूमोनिया म्हणून सांगितले आणि दोन रुपये फी घेतली. बाई वाचली नाही. न्यूमोनिया छातीत असतो आणि त्या छातीला डॉक्टरने हातही लावला नाही. लेनेकने संकोचापोटी शोधलेले अंतर वीतभर होते. इथे ते तीन हातांचे झाले. यंत्र शास्त्राचे, ते धरण्याची रीत मात्र मनूची.

मग रक्ताच्या थेंबाने काही बदलले का? बदलले, आणि ते आपल्या मुलखाच्या जवळच घडले. हिवतापाचा जंतू लॅव्हरान या फ्रेंच लष्करी डॉक्टरने १८८० साली अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात पाहिला. तो डासाच्या पोटात सापडला २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबादेत. परभणी तेव्हा ज्या निजामाच्या राज्यात होती त्याच राज्यातली ही छावणी. शोधाचे श्रेय आणि १९०२ चे नोबेल पारितोषिक रोनाल्ड रॉसला मिळाले. ज्याच्या अंगावर डास बसवले त्या हुसेन खानला डासामागे एक आणा मिळाला. रॉसने त्याचे नाव नोंदवले हे बरे केले. रक्त देणाऱ्यांची नावे शास्त्राच्या बखरीत क्वचितच येतात.

स्वातंत्र्यानंतर १९५३ साली हिवताप नियंत्रणाची आणि १९५८ साली निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तिचा एक नियम सामाजिक दृष्टीने विलक्षण होता. कर्मचाऱ्याने पंधरवड्याला प्रत्येक घरी जायचे, भिंतीवर तारीख टाकायची आणि तापकरी असेल त्याचे बोट स्वतःच्या हातात धरून, टोचून, थेंब काचपट्टीवर घ्यायचा. प्रत्येक घरी म्हणजे महारवाड्यात, मांगवाड्यातही. पट्टीवर नाव आणि क्रमांक जाई. सूक्ष्मदर्शकाखाली जात दिसत नाही. जसवंत सिंग व भट्टाचारजी यांनी १९४४ साली तयार केलेल्या स्वस्त, देशी रंगद्रव्यात बुडवली की जंतूचे केंद्रक तांबडे आणि अंग निळे दिसे. देशातले रुग्ण १९६५ पर्यंत लाखाच्या आसपास आले.

१९७६ साली ते ६४ लाखांवर गेले. डीडीटीला न जुमानणारे डास हे एक कारण. पण तपासणीतली ढिलाईही कमी कारणीभूत नव्हती. रक्त घेताना क्लोरोक्विन देत. यकृतात दडलेल्या जंतूसाठी प्रायमाक्विन लागते आणि ते रिपोर्ट आल्यावर मिळे. आता गंगाखेड-पालमकडचा ऊसतोड कामगार डोळ्यांपुढे आणा. रिपोर्ट यायला पंधरा दिवस लागले, तर तोवर त्याची कोयता-जोडी कुठल्या कारखान्याच्या फडात असेल? उशिरा आलेले निदान त्याच्यापुरते न झालेलेच. आज आशाताईच्या पिशवीत पाव तासात निकाल देणारी पट्टी असते. शोध म्हणून ती साधी वाटेल. फडातल्या माणसाला सूक्ष्मदर्शकाइतकीच मोलाची.

निदानाचा शेवटचा मुक्काम म्हणजे शवविच्छेदन. मोर्गान्यीने १७६१ साली प्रेतांतील अवयव आणि जिवंतपणीची लक्षणे यांचा मेळ घातला, तेथून आधुनिक निदान सुरू झाले. परभणीला २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. आपली मुले तिथे शिकतील, प्रेताला हात लावतील, हे सुश्रुताला आवडले असते. पण देशात अनेक सरकारी रुग्णालयांच्या पोस्टमॉर्टेमच्या खोलीत सुरी अजून सफाई कामगार धरतो, आणि तो कोणत्या जातीचा असतो हे वाचकांना सांगायला नको. डॉक्टर शेजारी उभा राहून पाहतो, लिहितो आणि सही करतो. ज्याच्या हाताने अवयव उघडला, त्याचे नाव अहवालात नसते, आणि त्याला ना प्रशिक्षण दिलेले असते ना त्या कामाचे पद.