प्रवेशसाधने, आधारसामग्री-एकत्रीकरणातील

निरनिराळ्या संगणक प्रणालींतील आधारसामग्री एकत्र आणणाऱ्या सॉफ्टवेअरला त्या प्रणालींत प्रवेश मिळावा म्हणून दिलेली खातेनावे, परवलीचे शब्द (पासवर्ड), कूटकळा व टोकने यांना प्रवेशसाधने म्हणतात. एखाद्या संस्थेची विक्री, साठा व ग्राहक यांच्या नोंदी तीन स्वतंत्र प्रणालींत असल्यास रात्री आपोआप चालणाऱ्या एकत्रीकरणाच्या कार्यास तिन्ही ठिकाणी ओळख पटवावी लागते. त्या वेळी परवलीचा शब्द टंकित करण्यास कोणी माणूस हजर नसतो. या विषयातील बहुतेक अडचणी येथूनच उद्‌भवतात.

संगणकावरील परवलीच्या शब्दाचा उगम सामान्यतः मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील सीटीएसएस या प्रणालीत मानला जातो. फर्नांदो कोर्बातो यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या या प्रणालीचे प्रात्यक्षिक १९६१ मध्ये झाले. तीत शब्दांची यादी जशीच्या तशी साठविलेली असे आणि १९६६ मध्ये एका चुकीमुळे ती सर्व वापरकर्त्यांच्या टंकयंत्रांवर उमटली. रॉबर्ट मॉरिस व केन टॉम्प्सन यांनी १९७९ मध्ये युनिक्स प्रणालीतील उपाय विशद केला. मूळ शब्दाऐवजी, त्यावर २५ वेळा गणिती संस्कार करून मिळणारे फलित साठवावयाचे; शिवाय एकच शब्द निवडणाऱ्या दोघांची फलिते सारखी येऊ नयेत म्हणून तीत ‘मीठ’ नावाची १२ बिटांची यादृच्छिक संख्या मिसळावयाची. फलितावरून मूळ शब्द थेट उलगडता येत नाही. मात्र पडताळणी होऊ शकते.

एकत्रीकरणात हा उपाय निरुपयोगी ठरतो. येथे शब्द पडताळून पाहावयाचा नसून तो दुसऱ्या प्रणालीपुढे सादर करावयाचा असतो. त्यामुळे तो पुन्हा उलगडता येईल अशाच कूटरूपात ठेवावा लागतो. ज्या कूटकळीने तो उलगडतो ती त्याच संचिकेत ठेवणे म्हणजे कुलपालाच किल्ली टांगण्यासारखे होय. म्हणून प्रवेशसाधने वेगळ्या, संरक्षित भांडारात ठेवतात व कार्याच्या आराखड्यात त्यांचा केवळ नामनिर्देश करतात. शब्द कार्यक्रमाच्या मजकुरातच लिहून ठेवण्याची सवय सर्वांत घातक. २०१६ मध्ये उबर या कंपनीच्या गिटहब येथील खाजगी संग्रहात सापडलेल्या अशाच प्रवेशसाधनाच्या आधारे सुमारे ५·७ कोटी वापरकर्त्यांची माहिती चोरीस गेली; ही घटना २०१७ मध्ये उघड झाली.

खाते उघडताना ते कर्मचाऱ्याच्या नावाने न उघडता कार्याच्या नावाने उघडणे इष्ट. अन्यथा कर्मचारी नोकरी सोडून जाताच कार्य बंद पडते. त्या खात्यास आवश्यक तेवढाच अधिकार द्यावा, हे तत्त्व जेरोम सॉल्टझर व मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या तत्त्वांपैकी एक आहे. केवळ वाचन करणाऱ्या कार्यास नोंदी पुसण्याचा अधिकार देण्याचे कारण नाही. तरीही सोयीसाठी व्यवस्थापकाचेच खाते वापरलेले अनेकदा आढळते.

ऑथ २·० या २०१२ मधील मानकाने परवलीचा शब्द परक्या सॉफ्टवेअरच्या हाती देण्याची गरज पुष्कळशी कमी केली. खातेदार मूळ प्रणालीत संमती देतो व सॉफ्टवेअरला मर्यादित अधिकाराचे, सामान्यतः अल्पमुदतीचे टोकन मिळते. मात्र ते नवे करून घेण्याचे दीर्घ मुदतीचे टोकनही गुप्तच ठेवावे लागते. प्रवेशसाधन बदलताना जुने लगेच रद्द न करता नवे त्याच्या जोडीने सुरू करतात, सर्व कार्ये नव्यावर चालत असल्याची खात्री करतात व मगच जुने बाद करतात. गळती झाल्याचा संशय असल्यास मात्र ते तत्काळ रद्द करून कार्ये काही काळ बंद पडू देणेच श्रेयस्कर ठरते.