सहाव्या वर्षी येणारी दाढ

मुलाचा पहिला दुधाचा दात पडला की घरात केवढे कौतुक होते! तो कौलांवर फेकायचा की तुळशीत पुरायचा, यावर आजीचा सल्ला घेतला जातो. भावंडे 'बोळके, बोळके' म्हणून चिडवतात. या गडबडीत त्याच सुमारास तोंडात अगदी मागे एक पाहुणी गुपचूप येऊन बसते, तिच्याकडे मात्र कुणाचेच लक्ष नसते. ही पहिली कायमची दाढ.

तिचे दुर्दैव असे, की ती येण्यासाठी एकही दात पडत नाही. दुधाचे २० दात जागच्या जागी असतात आणि त्यांच्या मागच्या मोकळ्या हिरडीतून, वर दोन व खाली दोन अशा चार दाढा साधारण सहाव्या-सातव्या वर्षी उगवतात. आई-वडिलांना त्या दुधाच्याच वाटतात. पुढे तिच्यावर काळा ठिपका दिसला, तरी 'पडणारच आहे की!' म्हणून सोडून दिले जाते. पण ती पडणार नसते. दहाव्या वर्षी ठणका लागून काढावी लागली, तर निसर्ग तिच्या जागी दुसरी देत नाही.

'दाताला कीड लागली' असे आपण म्हणतो, पण त्यात किडा कुठलाच नसतो. तोंडातले जिवाणू साखरेवर जगतात आणि आम्ल तयार करतात. ते आम्ल दाताचे कवच विरघळवते. खाणे थांबले की लाळ हळूहळू ही झीज भरून काढते. म्हणूनच साखर किती खाल्ली, यापेक्षा किती वेळा खाल्ली हे महत्त्वाचे. सणाला जेवणात दोन पुरणपोळ्या जास्त खाणाऱ्या मुलापेक्षा दिवसभर बिस्किटे आणि चिकट गोळ्या चघळणाऱ्याच्या दातांना धोका अधिक. झोपेत लाळ कमी होते. त्यामुळे गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवण्याची सवय सर्वांत वाईट. समोरचे वरचे दात तपकिरी होऊन झिजलेली लहान मुले आपण पाहतो, त्यांतल्या अनेकांची कहाणी या बाटलीपासूनच सुरू होते.

नव्या दाढेच्या माथ्यावर खोल खाचा असतात. ब्रशचे केस तिथे पोहोचत नाहीत. दंतवैद्य या खाचांत एक पातळ लेप भरून त्या बुजवतात. सुई नाही, कोरणे नाही, काही मिनिटांचे काम! इतका साधा उपाय आपल्याकडे फारच थोडे पालक मागतात, याचे नवल वाटते. फ्लोराइडची पेस्टही कवच मजबूत करते. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, नंतर सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पुरे. जाहिरातीत ब्रशभर पेस्ट दाखवतात, ती दुकानदाराच्या सोयीची. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असून मुलांच्या दातांवर डाग पडतात. तिथल्या पालकांनी आधी दंतवैद्याला विचारावे. आणि सात-आठ वर्षांचे होईपर्यंत मुलाचे दात रात्री मोठ्यांनीच घासून द्यावेत.

दुधाचे दातही अगदीच उपरे नव्हेत. मागच्या दुधाच्या दाढा १० ते १२ वर्षांपर्यंत टिकायच्या असतात आणि खालच्या कायमच्या दातांची जागा त्या राखून ठेवतात. त्या अकाली काढल्या तर शेजारचे दात सरकतात, आणि पुढे वेड्यावाकड्या दातांना तारा लावण्याची पाळी येते. म्हणून दुधाच्या दाढेतही नसेचा उपचार करतात; काढावीच लागली तर जागा राखणारी छोटी तार बसवतात.

मोठ्यांची भीती वेगळी. रूट कॅनाल म्हटले की पुष्कळांना घाम फुटतो. वास्तविक त्यात दाताच्या आतली सडलेली नस काढून, नळ्या स्वच्छ करून त्या बंद करतात. ठणका असतो तो आधीचा, उपचार भूल देऊन होतो. नंतर दाढ ठिसूळ होते, म्हणून बहुधा वर कॅप बसवावी लागते. खर्च होतो, हे खरे. दाढ काढून टाकणे त्या दिवशी स्वस्त पडते, पण पुढे ती जागा भरायची तर हिशेब उलटतो. ज्यांना खासगी दवाखाना परवडत नाही, त्यांनी दंत महाविद्यालयांची वाट धरावी. मुंबईचे नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ पासूनचे आहे. अशा ठिकाणी विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. फेऱ्या जास्त होतात, पैसे कमी लागतात.

वरचा दात काढला की दृष्टी जाते, दात साफ करून घेतले की हलू लागतात, हे समज अजून गेलेले नाहीत. दृष्टीचा दाताशी असा संबंध नाही. आणि दात हलतात ते साठलेल्या किटणाने हिरडी व हाड खंगल्यामुळे. मधुमेह असलेल्यांनी तर हिरड्यांकडे जास्तच लक्ष द्यावे, कारण दोन्ही आजार एकमेकांना बळ देतात. तंबाखू घातलेल्या दंतमंजनावर १९९२ मध्ये बंदी आली, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीवर बंदी कोण घालणार? ती दात स्वच्छ करीत नाही, ती तंबाखूच आहे.

एक गोष्ट मात्र प्रत्येक घरात ठाऊक हवी. चेंडू लागून किंवा पडून मुलाचा कायमचा दात मुळासकट निघाला, तर तो फेकू नये. मुळाला हात न लावता वरच्या भागाने धरावा, मातीने भरला असेल तर दुधाने किंवा क्षणभर पाण्याखाली धुवावा, घासू नये. जमल्यास लगेच खोबणीत बसवावा. नाही तर पेलाभर दुधात ठेवून तासाभराच्या आत, जितक्या लवकर होईल तितके, दंतवैद्य गाठावा. दुधाचा दात असेल तर मात्र तो परत बसवायचा नाही.