लढाऊ विमानातून अंतराळाकडे : एका आत्मकथनाचा धडा

सातारा आणि सांगली ही एकेकाळी एकाच जिल्ह्याची दोन अंगे होती. १९४९ मध्ये उत्तर आणि दक्षिण सातारा असे विभाजन झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली जिल्हा हे नाव मिळाले. नावे बदलली, तरी मुलाला सैन्यात धाडण्याची परंपरा दोन्हीकडे टिकून राहिली. पहिल्या महायुद्धात साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावचे ४६ जवान कामी आले आणि गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द कायमचा जोडला गेला. जून २०२५ मध्ये ग्रुप कॅप्टन शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात पोहोचले. तेव्हापासून याच घरांतून आणखी एक प्रश्न विचारला जाऊ लागला आहे : सैन्यातून अंतराळात जाण्याचा मार्ग नेमका कसा असतो?

या प्रश्नाचे उत्तर माहितीपत्रकांपेक्षा एका जुन्या आत्मकथनात अधिक स्पष्टपणे सापडते. 'अपोलो ११' मोहिमेतील तिसरे अंतराळवीर मायकेल कॉलिन्स यांचे 'कॅरिंग द फायर' हे पुस्तक १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले. मदतनीस लेखक न घेता कॉलिन्स यांनी ते स्वतः लिहिले. अग्नी वाहून न्यायचा तर तो सांभाळून, पूर्वतयारीनिशी आणि धोका पत्करूनच न्यावा लागतो, हा शीर्षकाचा आशय आहे.

आधी वैमानिक, मग अंतराळवीर

पुस्तक केवळ चंद्राविषयी नाही, तर विमानांविषयीही आहे. कॉलिन्स अमेरिकेच्या हवाई दलात लढाऊ वैमानिक होते. १९५६ मध्ये फ्रान्समध्ये उड्डाण करीत असताना त्यांच्या 'एफ-८६' विमानाला आग लागली आणि त्यांना हवेतच विमान सोडावे लागले. पुढे एडवर्ड्स तळावर ते चाचणी वैमानिक झाले. नव्या विमानाची क्षमता आणि दोष पारखणे, उड्डाणात दिसलेली प्रत्येक गोष्ट अचूक नोंदविणे आणि यंत्र बिघडले तरी ठरलेल्या क्रमाने कृती करणे हे चाचणी वैमानिकाचे काम असते. अवकाशयानात नेमकी हीच सवय उपयोगी पडते. भारताने गगनयान मोहिमेसाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केलेले चारही अंतराळवीर हवाई दलाचे चाचणी वैमानिक आहेत, हा म्हणूनच योगायोग नव्हे.

कॉलिन्स यांनी अंतराळवीर होण्यासाठी पहिल्यांदा अर्ज केला तेव्हा त्यांची निवड झाली नाही. १९६३ मध्ये ते निवडले गेले आणि १९६६ मध्ये 'जेमिनी १०' यानातून त्यांनी उड्डाण केले. १९६८ मध्ये मानेच्या मणक्यावर शस्त्रक्रिया करावी लागल्याने 'अपोलो ८'मधील त्यांची जागा गेली. ते बरे होऊन परतले आणि त्यांच्या वाट्याला 'अपोलो ११' आले.

चंद्राजवळ, तरी चंद्रावर नाही

नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन चंद्रावर उतरले तेव्हा कॉलिन्स 'कोलंबिया' यानातून चंद्राभोवती एकटे फिरत होते. प्रत्येक फेरीत यान चंद्रामागे गेले की सुमारे ४८ मिनिटे पृथ्वीशी रेडिओ संपर्क तुटत असे. आपल्याला एकाकी वाटले नाही, असे ते सांगतात. त्यांची भीती वेगळीच होती. चंद्रावरून वर येण्यासाठी सहकाऱ्यांकडे एकच इंजिन होते, त्याला पर्याय नव्हता. ते सुरू झाले नसते तर दोघांना तेथेच सोडून कॉलिन्स यांना एकट्याने परतावे लागले असते. सहकाऱ्यांचे यान चुकीच्या कक्षेत पोहोचले तर त्यांना कसे गाठायचे, याच्या अठरा पद्धती त्यांनी लिहून जवळ ठेवल्या होत्या. त्यांची गरज पडली नाही. ऑक्टोबर १९६९ मध्ये हे तिघेही जगप्रवासात मुंबईला आले होते.

भारतातील प्रतिध्वनी

भारताचे पहिले अंतराळवीर राकेश शर्मा हे पुण्याजवळच्या खडकवासल्यातील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत घडले. १९७१ च्या युद्धात त्यांनी मिग-२१ विमानातून २१ मोहिमा केल्या. ३ एप्रिल १९८४ रोजी ते 'सोयूझ टी-११' यानातून अंतराळात गेले. त्यानंतर हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या नाशिक विभागात ते पुन्हा चाचणी वैमानिकाच्या कामाला लागले. त्यांच्याबरोबर रवीश मल्होत्रा यांनीही तेच संपूर्ण प्रशिक्षण घेतले होते, परंतु ते राखीव राहिले. शुक्ला यांच्या वेळी हीच भूमिका ग्रुप कॅप्टन प्रशांत नायर यांनी पार पाडली.

साताऱ्यातून जाणारी वाट

देशातील पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात सुरू झाली. त्या वेळी राज्याचे मुख्यमंत्री होते यशवंतराव चव्हाण. त्यांचे जन्मगाव देवराष्ट्रे आज सांगली जिल्ह्यात आहे. हवाई दलप्रमुखपद भूषविलेले एअर चीफ मार्शल प्रदीप नाईक याच शाळेचे विद्यार्थी. या शाळेत सहावी व नववीसाठी प्रवेश परीक्षेद्वारे प्रवेश मिळतो. सैनिक शाळांची दारे २०२१ पासून आणि प्रबोधिनीची २०२२ पासून मुलींसाठीही उघडली आहेत.

पालकांनी येथे काही गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. शालेय वयात 'अंतराळवीर' होण्यासाठी वेगळी परीक्षा नसते. हवाई दलाच्या वाटेने जायचे तर बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित घ्यावे लागते. वैमानिकासाठीची संगणकीय निवड चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. त्यानंतर लढाऊ विमानांवरील अनेक वर्षांचा अनुभव, चाचणी वैमानिकाचे प्रशिक्षण आणि सरतेशेवटी निवड. प्रत्येक पायरीवर बहुसंख्य उमेदवार मागे राहतात.

मुलाच्या हाती अंतराळाचे चित्र देणाऱ्याने ही बाजूही सांगितली पाहिजे. कॉलिन्स यांच्या पुस्तकाचे मोल येथेच आहे. चंद्रावर पाऊल न टाकता परतलेल्या माणसाने ते लिहिले, आणि आपल्या वाट्याला कमी आले अशी तक्रार त्यात नाही. कोलंबिया यान सांभाळणारा कोणी नसता तर चंद्रावरचे दोघे परत आले नसते. हवाई दलात भरती होऊन अंतराळापर्यंत न पोहोचलेल्या सातारा-सांगलीच्या मुलाचे आयुष्यही त्यामुळे अपयशी ठरत नाही.