पाण्याचा ताळेबंद आधी, धंदा नंतर!

धंदा म्हटलं की आपण भांडवल मोजतो, गिऱ्हाईक मोजतो. पण कच्चा माल ज्या जमिनीतून, विहिरीतून, रानातून येतो, त्याचा हिशोब कोण ठेवतं?

अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार बघा. कमी पावसाचा भाग, बोडके डोंगर; लोक कामासाठी गाव सोडत होते. 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे गावाने श्रमदानातून चर खोदले, बांध घातले, झाडं लावली. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली.

आता यातला बिझनेस समजून घ्या. डोंगरावर गुरं सोडायची नाहीत, पण गवत कापून न्यायचं. चारा वाढला तसं दूधही वाढलं. दिवसाला 150 लिटरच्या आसपास होतं, ते काही हजार लिटरवर गेलं. शेण खत होऊन शेतात जातं, शेतातला कडबा परत गोठ्यात येतो.

खरी शिस्त पुढे आहे. पावसाळा संपला की गाव पाण्याचा ताळेबंद मांडतं. आधी माणसं आणि जनावरं. उरेल त्या पाण्यावर पिकं ठरतात. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही. पैसा समोर दिसत असला तरी नाही! कारण एकाने उपसा केला, की शेजाऱ्याची विहीर आटते.

तुम्ही दूध, मसाले, बांबू, काहीही करा. तीन प्रश्न आजच वहीत लिहा:

1. माझा कच्चा माल कुठून येतो?
2. तो पुन्हा भरून यायला किती वेळ लागतो?
3. माझ्याकडचा कचरा कोणाचा कच्चा माल होईल?

तिसऱ्याचं उत्तर शोधायला आधी शेजारच्या धंदेवाल्याकडे जा.