गुळवेल लावा, पण ओळखून!

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील आंबागड हे गाव ओळखले जाते ते गोंड राजवटीतील किल्ल्यामुळे. देवगडचा राजा बख्त बुलंद शाह याच्या काळात, इ. स. १७०० च्या सुमारास हा किल्ला उभारला गेला. पूर्व विदर्भातील अशा डोंगराळ, पानझडीच्या जंगलांत आवळा, बेहडा, शतावरी, गुळवेल यांसारख्या औषधी वनस्पती आढळतात. जंगलालगत राहणाऱ्यांना त्या लहानपणापासून पाहून ठाऊक असतात. शहरात मात्र शेजाऱ्याने दिलेली फांदी किंवा रोपवाटिकेतील पिशवी एवढीच वनस्पतीची ओळख असते. घरच्या औषधी बागेतील खरा धोका येथेच आहे.

कोरोनाच्या साथीत प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून घरोघरी गुळवेलीचा काढा घेतला गेला. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी, गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती याची खातरजमाच झाली नव्हती, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. पुढे २०२२ मध्ये देशातील विविध केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यासही प्रसिद्ध झाला. हा वाद संपलेला नाही. परंतु योग्य वनस्पती ओळखणे आणि ती बेताने घेणे, हे दोन धडे त्यातून निश्चित मिळतात.

खरी गुळवेल कोणती?

औषधात वापरली जाणारी गुळवेल म्हणजे ‘टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया’. तिची पाने हृदयाच्या आकाराची व गुळगुळीत असतात. जुन्या खोडावरील कागदासारखी पातळ साल सोलली की आत हिरवा रंग दिसतो. तिच्यासारखीच दिसणारी ‘टिनोस्पोरा क्रिस्पा’ ही वेल मात्र वेगळी. तिच्या करड्या खोडावर ठळक गाठी असतात. अशा गाठी दिसल्यास ती वेल पोटात घेऊ नये.

नावांचा घोळ इतरत्रही आहे. महाराष्ट्रात ‘ब्राह्मी’ म्हणून बहुधा गोल पानांची मंडूकपर्णी विकली जाते, तर अन्यत्र त्याच नावाने बारीक, मांसल पानांची जलब्राह्मी ओळखली जाते. कुंडीतला पानओवा आणि फोडणीतला ओवा यांचे तर कूळही वेगळे आहे. म्हणून रोप घेताना मराठी नावाबरोबर शास्त्रीय नावही विचारून कुंडीवर लिहून ठेवावे.

लागवड सोपी

पावसाळ्याच्या आरंभी पेन्सिलीएवढ्या जाडीची, दोन-तीन पेरांची गुळवेलीची कांडी मातीत खोचली की ती फुटते. तिला चढायला आधार हवा. कडुनिंबावर चढलेली गुळवेल परंपरेने श्रेष्ठ मानली जाते. अडुळसाही फांदीपासून लागतो. गवती चहाचे ठोंब आणि कोरफडीची पिल्ले वेगळी करून लावावीत. कोरफडीला पाणी बेतानेच द्यावे, अन्यथा मुळे कुजतात. गॅलरीत चार-पाच तास ऊन येत असेल तर तुळस व पुदिना सहज वाढतात. पोटात जाणाऱ्या पानांवर रासायनिक कीटकनाशके मारू नयेत.

वापर जपून

तुळस, पुदिना, गवती चहा चहात किंवा जेवणात नेहमीच्या प्रमाणात वापरण्यास सहसा हरकत नसते. अडुळसा मात्र गर्भवतींनी टाळावा. कोरफडीच्या सालीखालील पिवळा चीक तीव्र रेचक असतो. तो पूर्ण निथळून, धुऊन टाकल्याशिवाय गर पोटात घेऊ नये. गुळवेलीने रक्तातील साखर कमी होऊ शकते, त्यामुळे मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी, तसेच यकृताचे विकार किंवा संधिवातासारखे प्रतिकारशक्तीशी निगडित आजार असणाऱ्यांनी वैद्यांच्या सल्ल्याशिवाय ती घेऊ नये. काढा सुरू असताना डोळे वा लघवी पिवळी झाली, भूक मंदावली, तर तो तत्काळ थांबवून डॉक्टरांना गाठावे आणि काय घेतले होते ते स्पष्ट सांगावे. शक्य झाल्यास त्या वेलीची फांदीही सोबत न्यावी.

‘घरचे आहे, म्हणजे निर्धोक आहे’ हा समज सर्वांत घातक. परसबाग जरूर फुलवावी. पण जी वनस्पती खात्रीने ओळखता येत नाही, ती शोभेपुरतीच ठेवावी.